गांठ सुटलेलीं नाणीं

दिवाळींतील लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं चौरंगावर मांडावयाचे रुपये बहुतेक जुन्या घरांत निराळे जपून ठेवलेले असतात. वर्षांतून एकदां ते डब्यांतून बाहेर निघतात, दुधापाण्यानें धुतले जातात, त्यांस हळदकुंकू लागतें, आणि दुसऱ्या दिवशीं ते पुन्हा डब्यांत जातात. त्यांवर काय लिहिलें आहे, तें कोणीं वाचलेलें नसतें. ते घरांत कोठून आले, हें फार तर एखाद्या वृद्ध बाईला ठाऊक असतें. व्हिक्टोरिया राणीच्या किंवा पंचम जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याचे रुपये ओळखावयास सोपे. परंतु त्यांच्यांतच पुष्कळदां कांहीं ओबडधोबड, जाडसर, कडेला तडकलेलीं, फारसी अक्षरांचीं नाणीं मिसळलेलीं सांपडतात. घरांतील मंडळी त्यांना "मोगलाई" म्हणून मोकळी होतात. हीं नाणीं यंत्रानें पाडलेलीं नसून हातोड्यानें ठोकलेलीं असतात. त्यांच्याविषयीं, आणि विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील अशा नाण्यांविषयीं, आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. तसें वाटण्यास एक घरगुती कारणहि आहे. तें प्रथम सांगतों.

आमचें आजोळ चांद्यास. चांद्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर असें झालें, आणि १९८२ सालीं त्याच जिल्ह्यांतून गडचिरोली हा निराळा जिल्हा निघाला. परंतु आमच्या आजीच्या तोंडीं शेवटपर्यंत 'चांदा' हेंच नांव राहिलें. तिच्यापाशीं जुन्या लुगड्याच्या एका फडक्यांत बांधलेले अकरा हातठोक रुपये होते. त्या फडक्याच्या तीन कोपऱ्यांस तीन गांठी असत. एकींत पांच रुपये, दुसरींत तीन व तिसरींतहि तीनच. लक्ष्मीपूजनाला आजी पहिल्या दोन गांठी सोडी. तिसरी गांठ ती कधीं सोडीत नसे, आणि कां सोडीत नाहीं हें विचारण्याचें आम्हां मुलांना कधीं सुचलें नाहीं.

एका वर्षीं, आम्ही दहा-अकरा वर्षांचे असूं, आजी देवदर्शनास गेली असतां तिला संतोष द्यावा म्हणून आम्ही व आमचा मामेभाऊ असे दोघे कामास लागलों. तिन्ही गांठी सोडल्या, चिंच आणि चुलींतली राख घेतली, आणि अकराच्या अकरा रुपये असे घासले कीं ते नव्या ताटासारखे लखलखूं लागले. आजी परत आली. तिनें ताटाकडे पाहिलें, एक-दोन नाणीं उचलून उलटसुलट केलीं, आणि रागें न भरतां ती एवढेंच म्हणाली, "अरे, उजळलीं खरीं, पण गांठी सुटल्या." फडकें समोरच पडलें होतें, गांठी पुन्हा बांधतां येतील, त्यांत काय मोठेंसें, असें आम्हांस वाटलें. आपण त्या दिवशीं काय घालविलें हें कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं.

तें समजण्यासाठीं हाताचें नाणें कसें होत असे हें पाहिलें पाहिजे. टांकसाळींत चांदी मुशींत गाळून तिच्या कांबी करीत. कांबीचे छिनीनें तुकडे पाडीत, ते ताजव्यांत तोलीत, जास्त भरल्यास कडेची थोडी चांदी कापून घेत, आणि मग ठोकून ठोकून त्यांस चकतीचा आकार देत. ठसे दोन असत. खालचा ठसा ऐरणीसारख्या ठोकळ्यांत पक्का बसविलेला. वरचा ठसा कारागिराच्या हातांत. मध्यें चकती ठेवून वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घातला कीं दोन्ही अंगांस एकाच वेळीं अक्षरें उमटत. घाव सरळ बसला तर अक्षरें सारखीं. तिरपा बसला तर एक बाजू खोल व दुसरी पुसट. हात हलून दुसरा घाव बसला तर अक्षरांवर अक्षरें. म्हणून एकाच ठशाचीं दोन नाणींसुद्धां अगदीं सारखीं कधीं नसतात.

आपल्या भाषेनें ही गोष्ट आपल्या पोटांत जपून ठेविली आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत 'रूप्य' हा शब्द 'आहत', म्हणजे ठोकलेलें, या अर्थीं सिद्ध केलेला आहे. आणि आपला रुपया त्याच कुळांतला. आपल्या देशांतील अतिप्राचीन चांदीच्या नाण्यांस पंडित 'आहत नाणीं' म्हणतात, तें यामुळेंच. पुढें मुसलमानी राजवटींत नाण्यावर टांकसाळीच्या गांवाच्या नांवाआधीं 'जर्ब' हा शब्द येऊं लागला. त्याचाहि अर्थ आघात, ठोक. संस्कृत व फारसी या दोन्ही परंपरांत नाण्याची ओळख हातोड्याच्या घावावरूनच पटविलेली दिसते.

या पद्धतींत एक विशेष असा कीं आमच्याकडील ठसे पुष्कळदां चकतीपेक्षां मोठे असत. ठशावर बादशहाचें नांव, पदव्या, राज्यारोहणाचें वर्ष आणि टांकसाळीचें गांव असा सगळा मजकूर कोरलेला असे. परंतु चकती लहान पडल्यामुळें त्यांतील निम्मा-शिम्माच मजकूर नाण्यावर उतरे. कोणाच्या वांट्यास बादशहाचें अर्धें नांव येई, कोणाच्या वांट्यास वर्षाचा आंकडा. आणि गांवाचें नांव तर ठशाच्या कडेला असल्यास नाण्याबाहेरच राही. वापरणाऱ्यांचें त्यावांचून कांहीं अडत नसे. सराफ नाण्याचें वजन पाही, कस पाही, संशय आल्यास बारीकशा खुणेचा टोला मारून आंतली चांदी तपाशी, आणि जुन्या सालाचा किंवा परमुलुखाचा रुपया असल्यास बट्टा कापून घेई. अडतें तें आपलें. कारण आपल्याला तें नाणें खर्चावयाचें नसून वाचावयाचें असतें.

हातानें ठोकलेल्या चांदीच्या नाण्यांचा छंद अतिशय पद्धतशीरपणें चालतो असा एक देश म्हणजे इंग्लंड. तेथें ट्यूडर घराण्याच्या काळांतील, म्हणजे १४८५ ते १६०३ या अवधींतील, नाणीं जमविणारे लोक पुष्कळ आहेत. आपल्याकडे शेरशहा व अकबर यांच्या टांकसाळींत हातोडे चालत होते त्याच काळांत लंडनांतहि तसेच चालत होते. तिकडील इतिहास मोठा मनोरंजक आहे. आठव्या हेन्री राजानें १५४४ पासून चांदींत तांबें इतकें मिसळलें कीं नाण्यावरील त्याच्या मुखवट्याचें नाक झिजून आंतलें तांबें दिसूं लागे, आणि लोक त्याला "तांबड्या नाकाचा म्हातारा" म्हणूं लागले. त्याची मुलगी एलिझाबेथ राणी हिनें १५६० व १५६१ सालीं तीं हिणकस नाणीं परत घेऊन चोख चांदीचीं नवीं पाडविलीं. एकसारख्या आकाराच्या नाण्यांत लोकांची फसगत होऊं नये म्हणून एका आड एका किंमतीच्या नाण्यावर राणीच्या मस्तकामागें गुलाबाचें फूल काढलें. सहा पेन्सच्या नाण्यावर फूल आहे, शिलिंगावर नाहीं. याच सुमारास मेस्ट्रेल नांवाच्या एका फ्रेंच कारागिरानें यंत्रानें सुबक नाणीं पाडून दाखविलीं. परंतु हातोडेवाल्यांना तें रुचलें नाहीं, यंत्र बंद पडलें, आणि पुढें १५७८ सालीं खोटीं नाणीं केल्याच्या आरोपावरून मेस्ट्रेल फांसावर गेला. इंग्लंडांतला हातोडा खरा थांबला तो १६६२ सालीं. आमच्याकडे तो त्याहून पुष्कळ अधिक काळ चालला. कंपनी सरकारनें १८३५ सालीं सर्व मुलुखासाठीं एकच यंत्राचा रुपया काढल्यावरहि कित्येक संस्थानांत हातठोक नाणीं निघत होतीं.

या राणीच्या अखेरच्या दिवसांतलीं कांहीं नाणीं तर खास पूर्वेकडच्या व्यापारासाठींच ठोकलेलीं होतीं. ईस्ट इंडिया कंपनीचीं पहिलीं जहाजें १६०१ सालीं निघालीं, तेव्हां त्यांच्याबरोबर द्यावयास स्पॅनिश नाण्यांच्या वजनाचीं, किल्ल्याच्या दरवाजाच्या जाळीचें चित्र असलेलीं चांदीचीं नाणीं पाडलीं होतीं. पूर्वेच्या पेठांना स्पॅनिश नाणें ओळखीचें. राणीचें नवें नाणें कोणी पुढें होऊन घेईना. सराफ लंडनचा असो, सुरतेचा असो कीं चांद्याचा असो, अनोळखी ठशाला तो प्रथम नाकच मुरडतो.

परंतु इंग्लंडांतील छंदाचा जो भाग आपण घेण्यासारखा आहे तो निराळाच. तेथें नांगरलेल्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांना हीं नाणीं पुष्कळ सांपडतात. अशा वस्तूंची नोंद ठेवण्यासाठीं १९९७ सालीं तेथें एक योजना सुरू झाली व ती ब्रिटिश म्युझियमच्या विद्यमानें चालते. सांपडलेलें एकटें-दुकटें नाणें बहुधा शोधणाऱ्याजवळच राहतें. योजनेचे अधिकारी त्याचें छायाचित्र व वजन घेतात, आणि तें कोणत्या गांवच्या कोणत्या शेतांत निघालें हें लिहून ठेवतात. नाण्यापेक्षां त्याचें ठिकाण त्यांस अधिक मोलाचें वाटतें. असें कां, याचें उत्तर इंग्लंडांत शोधावयास नको. तें आमच्या चांद्यानेंच देऊन ठेविलें आहे.

चांद्याचे गोंड राजे शहराच्या कोटामुळें, जटपुरा, पठाणपुरा इत्यादि वेशींमुळें व महाकालीच्या देवळामुळें सर्वांस माहीत आहेत. १७५१ च्या सुमारास तें राज्य नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या हातीं गेलें. रघूजींच्या पश्चात् त्यांचे पुत्र मुधोजी यांच्याकडे चांदा व छत्तीसगड हा मुलूख आला. आणि मे १८१८ मध्यें इंग्रजांनीं चांद्याचा किल्ला लढून घेतला. या साठ-सत्तर वर्षांत भोसल्यांच्या मुलुखांत नागपूरखेरीज अन्य ठिकाणींहि टांकसाळी चालत, व त्यांत चांद्याचेंहि नांव येतें. आमच्या भागांतील जुन्या घरांत जीं फारसी अक्षरांचीं नाणीं निघतात, त्यांपैकीं पुष्कळशीं या भोसलेशाहीचीं असतात. वजन अकरा ग्रॅमच्या आसपास. रूप अगदींच साधें.

हें नाणें नवख्याला दोन ठिकाणीं चकवितें. भोसल्यांनीं नाण्यावर आपलें नांव घातलें नाहीं. मोगल बादशहाचें नांव चालू ठेविलें. दिल्लीचा अहमदशहा बादशहा १७५४ सालीं पदच्युत झाला, त्याचे डोळेहि काढले गेले. तरी भोसल्यांच्या नाण्यांवर त्याचें नांव पुढें कित्येक वर्षें ठोकलें जात होतें. म्हणजे बादशहाच्या नांवावरून काळ ठरवूं गेल्यास फसगत व्हावयाची. आणि टांकसाळीच्या नांवावरून ठिकाण ठरवूं गेल्यास तें नांव पुष्कळदां चकतीच्या बाहेरच राहिलेलें! मग अंकुशासारख्या बारीक खुणा, अक्षरांची ठेवण, आणि अशींच इतर नाणीं कोणत्या प्रदेशांत सांपडलीं याची माहिती, एवढ्यावरच निर्णय करावा लागतो. नागपूरचे नाणकशास्त्रज्ञ प्रशांत कुलकर्णी यांनीं १९९० सालीं भोसल्यांच्या नाण्यांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागें अशाच चिकाटीचें काम आहे.

याहून मोठें उदाहरण सातवाहनांचें. एकोणिसाव्या शतकांत चांदा जिल्ह्यांत सातवाहन राजांच्या नाण्यांचा एक सांठा निघाला. हीं नाणीं चांदीचीं नव्हत; हलक्या मिश्रधातूचीं. एका अंगास हत्ती व त्याभोंवतीं राजाचें नांव, दुसऱ्या अंगास चार वर्तुळांची उज्जयिनी-खूण. त्या सांठ्यांतील कांहीं नाण्यांवर कृष्ण सातकर्णी असें नांव वाचण्यांत आलें. रॅप्सन या पंडितानें १९०८ सालीं ब्रिटिश म्युझियमकरितां आंध्र राजांच्या नाण्यांची जी प्रसिद्ध सूची केली, तींत या चांद्याच्या नाण्यांना मानाचें स्थान आहे. पुढें १९३९ सालीं वऱ्हाडांत मंगरूळपीराजवळ तऱ्हाळें या गांवीं अशाच नाण्यांचा दीड हजारांवर नगांचा सांठा सांपडला. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तो तपासला. एकेका नाण्यावर नांवाचीं दोन-चार अक्षरेंच उतरलेलीं. कोणावर आरंभ, कोणावर शेवट. एका नाण्यावरचें उरलेलें दुसऱ्यावर शोधीत, असें जुळवीत जुळवीत त्यांनीं नांवें पुरीं केलीं, आणि पुराणांच्या वंशावळींत ज्यांचा पत्ताच नाहीं असे कुंभ, कर्ण, शक या नांवांचे सातकर्णी राजे उजेडांत आले.

वाचकांनीं क्षणभर विचार करावा. तीं नाणीं सांपडणाऱ्यांनीं आपसांत वांटून घेतलीं असतीं, चार गांवच्या बाजारांत विकलीं असतीं, किंवा घासूनपुसून अक्षरें बोथट केलीं असतीं, तर त्या राजांचीं नांवें पुन्हा कधींहि जुळलीं नसतीं. एका नाण्यानें हें काम होत नाहीं. एकत्र सांपडलेलीं नाणीं एकत्र राहिलीं, त्यांचें ठिकाण ठाऊक राहिलें, म्हणूनच तें झालें. हाताच्या नाण्यावर ठशाचा अर्धाच मजकूर उतरतो. उरलेला अर्धा तें जेथें सांपडलें त्या जागेंत असतो.

आतां आमच्या अकरा रुपयांकडे वळतों. आजी गेल्यावर तें फडकें आमच्याकडे आलें. कांहीं वर्षांनीं आम्ही तीं नाणीं नागपुरास एका जाणत्या गृहस्थांना दाखविलीं. त्यांनीं भिंगानें एकेक पाहिलें, बहुतेक भोसलेशाहीचींच, असें सांगितलें, आणि मग विचारलें, "हीं मिळालीं कोठें?" आम्ही म्हणालों, "आजीचीं." ते हंसले, परंतु थोडे खिन्नपणानें. "आजीपाशीं कोठून आलीं, हें मीं विचारलें. आणि इतकीं घासलीं कोणीं?" दोन्ही प्रश्नांना आमच्यापाशीं सांगण्याजोगें उत्तर नव्हतें.

परत येतांना चंद्रपुरास मावशीकडे उतरलों व तिला सहज विचारलें. मावशी तेव्हां ऐंशीच्या घरांत होती. परंतु स्मरणशक्ति शाबूत. तिनें लगेच बोटें मोजून सांगितलें. पहिल्या गांठींतले पांच रुपये आजीला तिच्या सासूबाईंनीं दिलेले, घराण्याचे. दुसऱ्या गांठींतले तीन वैनगंगेकांठच्या शेतांत नांगराच्या फाळाला लागलेले. त्यांवर मातीचा काळसर थर होता आणि आजी तो मुद्दाम तसाच राहूं देई. आणि तिसऱ्या गांठींतले तीन आमच्या घरचे नव्हतेच. एटापल्लीकडील एका माडिया बाईच्या गळ्यांतल्या सरांतले ते रुपये. एका वाईट वर्षीं तिचा नवरा ते धान्यासाठीं आजोबांकडे गहाण ठेवून गेला. पुढें तीं माणसें आलीं नाहींत. आजोबा म्हणाले, मुदत गेली, आतां ते आपले. आजोबांपुढें बोलण्याची आजीची प्राज्ञा नव्हती. परंतु तिनें ते आपल्या रुपयांत कधीं मिसळले नाहींत आणि देवापुढेंहि कधीं मांडले नाहींत. "ज्याचे त्याला द्यावयाचे आहेत," असें ती मावशीला म्हणे.

तेव्हां आम्हांस गांठी सुटल्या म्हणजे काय झालें तें कळलें. शेतांतल्या रुपयांची माती आम्हीं धुतली होती. सरांतल्या रुपयांची कडी कोणीं आधींच काढली असली, तरी ती झाळल्याची खूण आम्हीं राखेनें घासली होती. अकरा रुपये जसेच्या तसे होते. त्यांतला एकहि हरवला नव्हता. हरवलें होतें तें त्यांचें ठिकाण, आणि त्याबरोबर एका कुटुंबाचें आमच्या घरावर असलेलें देणें.

आमच्यासारखी चूक आज फार मोठ्या प्रमाणावर होत आहे. या दोन जिल्ह्यांतील गोंड व माडिया स्त्रियांच्या अंगावर रुपयांचे सर अजूनहि दिसतात. त्यांत राणीछाप व राजाछाप रुपयांबरोबर कधीं कधीं त्याहून जुनें एखादें हाताचें नाणेंहि ओंवलेलें असतें. चांदीचा भाव चढला कीं असे सर आठवडी बाजाराच्या वाटेनें सोनाराच्या मुशींत जातात. शहरांतील सुशिक्षित घरेंहि या बाबतींत मागें नाहींत. मुलीच्या लग्नांत अत्तरदाणी-गुलाबदाणी करावयाची म्हणून आजीचे रुपये आटविल्याचीं उदाहरणें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. दुसरीकडे, जुन्या नाण्याला लाखों रुपये येतात अशा वावड्या उठतात आणि लोक भलत्याच लोभानें तीं धुंडीत सुटतात. भोसलेशाही रुपया कांहीं दुर्मिळ रत्न नव्हे. त्याची खरी किंमत बाजारांत नसून त्याच्या हकीकतींत आहे, आणि ती हकीकत तो घरांत असेपर्यंतच विचारून घेतां येते.

कायदाहि प्रत्येकानें जाणून असावा. जमिनींत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास त्याची लेखी वर्दी कलेक्टरास दिली पाहिजे, असा १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. ती दिल्यास सांपडणाऱ्याचा व जमीनमालकाचा हक्क विचारांत घेतला जातो, आणि सरकारनें ठेवा स्वतःकडे ठेविल्यास धातूच्या किंमतीवर आणखी एक-पंचमांश रक्कम मिळण्याची तरतूद आहे. लपविल्यास हक्क बुडतो व शिक्षाहि होते. आमच्या शेतांतले तीन रुपये त्या काळीं दहा रुपयांच्या आंत बसले असतील; आजच्या भावानें त्यांतला एकहि त्या मर्यादेंत राहणार नाहीं. तसेंच, शंभर वर्षांहून जुनीं नाणीं १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्याखालीं येतात. तीं परदेशीं पाठवितां येत नाहींत व त्यांचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं. घरांत वडिलोपार्जित आलेलीं नाणीं जपून ठेवण्यास मात्र कोणाची आडकाठी नाहीं.

ज्यांना हीं नाणीं जपावयाचीं आहेत त्यांच्यासाठीं आमच्या फसगतींतून निघालेल्या चार सूचना देतों. पहिली ही कीं नाणें घासूं नये. चिंच, राख, लिंबू, दांतांची पूड, यांपैकीं कांहींहि लावूं नये. चांदीवरचा काळसर रंग हा मळ नसून तिचें पांघरूण आहे. फार तर साध्या पाण्यांत बुडवून मऊ फडक्यानें टिपावें. दुसरी, एकेका नाण्याला निराळें कागदी पाकीट करावें आणि एका ठिकाणचीं नाणीं एकत्र ठेवावीं. पाकिटावर नाणें कोणाकडून, कोणत्या गांवाहून, कोणत्या प्रसंगीं आलें हें लिहावें. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाहीं' असेंच लिहावें, अंदाजानें भर घालूं नये. तिसरी, सोनाराच्या बारीक तराजूवर वजन करून घ्यावें व दोन्ही अंगांचीं छायाचित्रें काढावीं. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, तें १८६३ सालापासूनचें आहे. नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधनसंस्था १९८० पासून आहे. तेथील जाणत्यांना अशा छायाचित्रांवरूनहि पुष्कळ सांगतां येतें. चौथी सूचना खोट्या नाण्यांविषयींची. जत्रेंत विकावयास येणारीं रामसीतेच्या चित्राचीं, १८१८ सालचीं म्हणून दाखविलीं जाणारीं कंपनीचीं नाणीं बनावट असतात. कंपनीनें तशीं नाणीं कधीं काढलीं नाहींत. हातठोक नाण्याचींहि ओतीव नक्कल होते. तिच्या कडेला सांध्याची रेघ व पृष्ठावर बारीक छिद्रें दिसतात, वजनहि जुळत नाहीं, आणि मुख्य म्हणजे दोन नाणीं अगदीं एकसारखीं निघतात. हाताचें काम असें कधीं होत नाहीं, हें वर आलेंच आहे.

आणि सर्वांत अगोदर करावयाचें काम याहूनहि सोपें आहे. घरांत आजी, मावशी, आत्या, जी कोणी वडील बाई असेल, तिच्यापाशीं वही घेऊन बसावें आणि डब्यांतलें एकेक नाणें तिच्या हातीं देऊन तें कोठून आलें हें विचारावें. ग्रंथांत न मिळणारा ठशाचा अर्धा भाग पुष्कळदां तिच्यापाशीं असतो, आणि तो फार दिवस राहत नाहीं. आम्हीं मावशीला विचारलें त्याच्या दुसऱ्या वर्षींच ती गेली.

मावशीकडून परतल्यावर आम्हीं भिंग घेऊन अकरा रुपये पुन्हा तपासले. दोन नाण्यांच्या कडेला कडी झाळल्याचा इवलासा ठिपका अजून शिल्लक होता. तीं दोन आम्हीं एका पाकिटांत घातलीं आणि वर लिहिलें: "एटापल्लीकडील सरांतले, मालकाचें नांव ठाऊक नाहीं, आपले नव्हेत." तिसरें मात्र कोणतें, हें कांहीं केल्या ओळखूं येईना. तें उरलेल्या नवांतच कोठें तरी आहे. म्हणून त्या नवांपैकीं एकहि रुपया आम्ही आतां आपला म्हणून लक्ष्मीपूजनास मांडीत नाहीं.